तासाला आठशे किलो

शेवट सर्वांना ठाऊक आहे. १ डिसेंबर २००८ रोजी चीनच्या आरोग्य मंत्रालयाने अंतिम म्हणावेत असे आकडे दिले. मूत्रमार्गात दोष आढळलेली बाळे २ लाख ९४ हजार. रुग्णालयात दाखल करावी लागलेली ५१,९००. सहा मृत्यूंशी दुधाच्या पावडरीचा संबंध नाकारता येत नाही, असेही मंत्रालयाने म्हटले.

मुतखडा हा मोठ्या माणसांचा आजार. सहा महिन्यांच्या बाळाच्या मूत्रवाहिनीत खडा अडकणे, आणि तोही एकाच वेळी दोन्ही बाजूंना, हे बालरोगतज्ज्ञाला अख्ख्या कारकिर्दीत क्वचितच दिसावे. २००८ च्या उन्हाळ्यात चीनमध्ये ते रोज दिसू लागले. कारण डब्यात होते, आणि ते डब्यात आहे हे काही लोकांना माहीत होते.

पुढे दोन घड्याळे आहेत. पहिले कचेऱ्यांचे. दुसरे किडनीचे.

१८८३, कोपनहेगन

कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल हे रसायनशास्त्रज्ञ धान्यातील प्रथिने मोजण्याची एक पद्धत शोधतात. ही पद्धत प्रथिने थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते. दुधाच्या बाबतीत त्या आकड्याला ६.३८ ने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. नायट्रोजन दुधातलाच आहे, हे गृहीत धरलेले असते. सव्वाशे वर्षांनंतरही जगभरच्या दुग्धशाळा हीच पद्धत वापरत आहेत.

मेलामाइन हे प्लास्टिक, लॅमिनेट आणि गोंद बनवण्याचे रसायन. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनचा. या चाचणीत १ ग्रॅम मेलामाइन ४ ग्रॅम प्रथिनांइतके दिसते.

२००४, फुयांग

आन्हुई प्रांतात निकृष्ट पावडर पाजलेली किमान १२ बाळे कुपोषणाने दगावतात. पावडरीत प्रथिने जवळजवळ नव्हती. पावडरीतल्या प्रथिनांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीकडे जात नाही.

१६ मार्च २००७, शुक्रवार

कॅनडातील मेन्यू फूड्स कंपनी कुत्र्या-मांजरांच्या खाद्याची ६ कोटींहून अधिक पाकिटे बाजारातून परत मागवते. जनावरे किडनी निकामी होऊन मरत आहेत. दोन आठवड्यांनी, ३० मार्चला, अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन कारण सांगते: चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडले. प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी ते घातले होते. मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल एकत्र आले की किडनीत स्फटिक बनतात, हेही त्या वर्षी उघड होते.

नायट्रोजनची चाचणी फसवता येते आणि ही फसवणूक किडनीवर येते, हे आता जगजाहीर आहे. बाळांच्या पावडरीत मेलामाइन शोधण्याची नेहमीची चाचणी मात्र अजून कुणी लावलेली नाही.

जुलै २००७, हेबेई प्रांत

एक माणूस मेलामाइन आणि माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून एक भुकटी तयार करू लागतो. तिला ‘प्रोटीन पावडर’ म्हणतात. पुढच्या तेरा महिन्यांत तो ७७० टनांहून अधिक भुकटी बनवेल आणि ६०० टनांहून अधिक विकेल.

गिऱ्हाईक आहेत दूध संकलन केंद्रे. दुधात पाणी घातले की प्रथिनांचा आकडा पडतो आणि दूध परत येते. ही भुकटी घातली की आकडा वर येतो. न्यायालयात पुढे एका केंद्रचालकाचे प्रमाण नोंदले गेले: १,००० किलो दुधाला अर्धा किलो. त्याने ४३४ किलो भुकटी ९०० टनांहून अधिक दुधात घातली होती.

डिसेंबर २००७, शिजियाझुआंग

सानलू ही बाळांच्या पावडरीतली चीनमधली आघाडीची कंपनी. तिचे ४३ टक्के भाग न्यूझीलंडच्या फोंटेरा या सहकारी दुग्धसंस्थेकडे आहेत. या महिन्यापासून कंपनीकडे तक्रारी येऊ लागतात. पावडर पिणाऱ्या बाळांच्या लघवीत कण दिसतात.

८ जानेवारी २००८, मंगळवार

बाळांच्या पावडरीवरील संशोधनासाठी सानलूला राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान प्रगती पुरस्काराचे दुसरे पारितोषिक मिळते. कंपनीच्या पावडरीला सरकारी गुणवत्ता तपासणीतून सूट आहे. उत्तम नोंद असलेल्या कंपन्यांनाच ती मिळते.

१ मे २००८, गुरुवार

गान्सू प्रांतात एका बाळाचा मृत्यू. या घटनाक्रमातला हा पहिला मृत्यू असल्याचे साडेचार महिन्यांनी जाहीर होईल. आज ती एका घरापुरती बातमी आहे.

१७ मे, शनिवार

सिचुआनमधल्या भूकंपाला पाच दिवस झाले आहेत. देशाचे लक्ष तिकडे आहे.

सानलूचा ग्राहक सेवा विभाग अध्यक्ष तियान वेनहुआ आणि इतर वरिष्ठांना तक्रारींबद्दल लेखी कळवतो. आजपासून कंपनीच्या सर्वांत वरच्या मजल्याला विषय माहीत आहे.

२० मे, मंगळवार

कंपनी कारण शोधण्यासाठी तांत्रिक गट नेमते. विक्री चालू राहते.

दुसरे घड्याळ: तास ०

पाच किलो वजनाचे निरोगी बाळ तासाला साधारण ५ ते १० मिलिलिटर लघवी तयार करते. ती किडनीतून मूत्रवाहिनीत उतरते. मोठ्या माणसात ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. बाळात त्याहून कितीतरी अरुंद.

माणसाच्या शरीरात युरिक आम्ल मोडणारे विकर नाही, त्यामुळे ते लघवीतून बाहेर पडते. लहान बाळांत त्याचे प्रमाण अधिक असते आणि लघवी आम्लधर्मी असते. त्यात मेलामाइन आले की दोन्ही मिळून स्फटिक धरतात. स्फटिकांची रेती होते, रेतीचे खडे. मोठा माणूस दुधाच्या जोडीला भाकरी खातो, भाजी खातो, पाणी पितो. वरच्या दुधावरचे बाळ दिवसातून सहा-आठ वेळा एकाच डब्यातले खाते. वजनाच्या मानाने सर्वांत मोठा डोस त्याच्या वाट्याला येतो.

खडा उतरतो आणि अडकतो. तास ० सुरू होतो.

२८ जून, शनिवार, लांझोउ

गान्सूच्या राजधानीतील लष्करी रुग्णालयात मुतखडे असलेले एक बाळ दाखल होते. पुढच्या आठवड्यांत तशीच बाळे येत राहतात. बहुतेक खेड्यांतून, बहुतेकांचे वय वर्षाच्या आत. डॉक्टर आहाराची चौकशी करतात. उत्तर दर वेळी एकच येते.

१६ जुलै, बुधवार

लांझोउ विद्यापीठाचे दुसरे रुग्णालय प्रांताच्या आरोग्य विभागाला दूरध्वनी करते. मुतखड्याच्या बाळांची संख्या स्पष्टपणे वाढली आहे आणि विचारपूस केल्यावर सर्व बाळे सानलूची पावडर पीत असल्याचे कळते, असे सांगते.

ब्रँडचे नाव आज सरकारी नोंदीत आले. पालकांपर्यंत पोचायला त्याला आणखी ५७ दिवस लागतील.

२२ जुलै, मंगळवार

गान्सूमध्ये दुसरा मृत्यू.

२४ जुलै, गुरुवार

सानलूच्या तांत्रिक गटाला दोन महिन्यांनी धागा सापडला आहे. कंपनीच्या पावडरीत प्रथिनांबाहेरचा नायट्रोजन इतर कंपन्यांच्या पावडरीच्या दीडपट ते सहापट आहे. संशय मेलामाइनवर जातो. १६ नमुने हेबेईच्या आयात-निर्यात तपासणी केंद्राच्या प्रयोगशाळेत जातात.

विक्री चालू आहे.

दुसरे घड्याळ: तास ६ ते २४

अडकलेल्या नळीमागे लघवी तुंबते. किडनीतला दाब वाढतो, गाळण्याचे काम मंदावते. एकच बाजू बंद असेल तर दुसरी किडनी काम ओढते आणि घरच्यांना काही कळत नाही. बाळ लघवी करते. मधूनच रडते, विशेषतः लघवी करताना. ओकते. ताप येतो. लंगोटावर क्वचित लालसर डाग किंवा रेतीसारखे कण दिसतात.

दोन्ही बाजू बंद असतील तर लंगोट कोरडा राहतो.

साध्या एक्स-रेमध्ये हे खडे दिसत नाहीत, कारण त्यांत कॅल्शियम फारसे नसते. सोनोग्राफी केली तरच सापडतात. रडणाऱ्या आणि ओकणाऱ्या बाळाची सोनोग्राफी करावी, हे सुचण्यासाठी डॉक्टरला काय शोधायचे हे माहीत असावे लागते. १६ जुलैपासून ते एका कचेरीला माहीत आहे. तालुक्याच्या दवाखान्याला माहीत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

प्रयोगशाळेचा अहवाल येतो. १६ पैकी १५ नमुन्यांत मेलामाइन आहे.

त्याच दिवशी तियान वेनहुआ व्यवस्थापनाची बैठक बोलावतात. हे औद्योगिक रसायन आहे, अन्नात घालायला परवानगी नाही, त्याचे धोके काय, हे सर्व बैठकीत सांगितले जाते. निर्णय होतात. गोदामातला माल तात्पुरता रोखायचा. साठ्याची तपासणी करायची. बाजारातला माल नेहमीच्या परताव्याच्या नावाखाली हळूहळू बदलून घ्यायचा.

पालकांना सांगायचे, हा निर्णय त्यांत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

कंपनीच्या संचालक मंडळाला माहिती दिली जाते. फोंटेराचे प्रतिनिधी जाहीरपणे माल परत मागवण्याचा आग्रह धरतात. तो मान्य होत नाही.

कंपनी शिजियाझुआंग शहर प्रशासनाला पत्राने कळवते. माध्यमांवर नियंत्रण आणि समन्वय वाढवायला मदत करावी, अशी विनंतीही त्या पत्रात आहे. शहर प्रशासनाने हे प्रांताला कळवायला हवे. ते कळवत नाही.

न्यायालयाने पुढे हिशेब लावला तो आजच्या तारखेपासून. २ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात सानलूने मेलामाइनयुक्त बाळपावडरीचे ७२ गट (बॅच) तयार केले, एकूण ९०४ टन. त्यांतले ६९ गट विकले, एकूण ८१३ टन ७३७ किलो. किंमत ४ कोटी ७५ लाख युआन.

४२ दिवसांवर, रात्रंदिवस धरून, हा आकडा विभागला तर सरासरी येते तासाला ८०० किलो. म्हणजे दर तासाला ४०० ग्रॅमची दोन हजार पाकिटे.

३ ऑगस्ट, रविवार

बाळपावडरीच्या कारखान्याने मेलामाइनमुळे नाकारलेले कच्चे दूध फेकायचे नाही, असे ठरते. ते द्रवरूप दुधाच्या कारखान्यांकडे वळवायचे. असे सुमारे १८० टन दूध वळवले जाईल, ते वापरून २६९ टन माल तयार होईल आणि सगळा विकला जाईल.

८ ऑगस्ट, शुक्रवार, रात्री ८ वाजता, बीजिंग

‘बर्ड्स नेस्ट’ मैदानात ऑलिंपिकचे उद्घाटन सुरू होते. जगभरचे राष्ट्रप्रमुख हजर आहेत.

सानलूच्या अहवालाला सात दिवस झाले. सरासरीने आतापर्यंत शंभर टनांहून अधिक पावडर विकली गेली आहे.

दुसरे घड्याळ: दिवस ७, ९ ऑगस्ट

समजा, एखाद्या बाळाची एक मूत्रवाहिनी २ ऑगस्टला पूर्ण बंद झाली. प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांतून एक अंदाज मिळतो. सातव्या दिवशी अडथळा काढला तर किडनी जवळजवळ पूर्ण सावरते.

दोन्ही मूत्रवाहिन्या बंद झालेल्या बाळाला सात दिवस मिळत नाहीत. शरीरात पाणी साठते, चेहरा आणि पाय सुजतात. रक्तात युरिया, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम चढत जाते. पोटॅशियम लिटरला साडेसहा मिलिमोलच्या पुढे गेले की हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. हे बाळ वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचले तर उपाय आहेत: दुर्बिणीतून मूत्रवाहिनीत बारीक नळी घालणे, पाठीतून थेट किडनीत नळी घालून लघवी बाहेर काढणे, डायलिसिस. खडे मऊ आणि भुसभुशीत आहेत. वाट मिळाली की ते निघतात.

१३ ऑगस्ट, बुधवार

सानलूच्या व्यवस्थापनाची आणखी एक बैठक. निर्णय आकड्यांत होतात. किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी मेलामाइन असलेला माल विकायला बाहेर काढायचा. त्याहून जास्त असेल तो रोखून ठेवायचा. बाजारात जास्त मेलामाइनचा माल आहे, तो किलोला २० मिलिग्रॅमच्या आसपास असलेल्या मालाने बदलायचा.

अन्नात या रसायनाला परवानगी नाही, हे १ ऑगस्टच्या बैठकीतच सांगून झाले होते. आज त्याची विकाऊ मर्यादा ठरली.

दुसरे घड्याळ: दिवस १४, १६ ऑगस्ट

त्याच प्रयोगांनुसार, दोन आठवड्यांनी अडथळा काढला तर किडनीचे सुमारे ७० टक्के काम परत येते. ३० टक्के कायमचे गेले.

२४ ऑगस्ट, रविवार

ऑलिंपिकचा समारोप. लांझोउमध्ये बाळे येत आहेत. वैद्यकीय वर्तुळात ब्रँडचे नाव बोलले जाते. स्थानिक बातम्यांत ‘एका कंपनीची पावडर’ एवढेच छापले जाते.

४०० ग्रॅमचे पाकीट सुमारे १८ युआनला मिळते. घेणारे बहुतेक हातावर पोट असलेले. बाळ पाकीट संपवते, घरातले दुसरे आणतात.

दुसरे घड्याळ: दिवस २८, ३० ऑगस्ट

चार आठवडे. परत मिळू शकणारे काम: सुमारे ३० टक्के.

५ सप्टेंबर, शुक्रवार, वेलिंग्टन

न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांच्या कानावर विषय जातो. फोंटेराला तो पाच आठवडे माहीत आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

क्लार्क वरिष्ठ मंत्र्यांची बैठक घेतात. स्थानिक अधिकाऱ्यांच्या मागे न लागता थेट बीजिंगला सांगायचे, असे ठरते.

लांझोउच्या लष्करी रुग्णालयात २८ जूनपासून आलेल्या बाळांची संख्या आज १४ आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

न्यूझीलंडचे अधिकारी बीजिंगमध्ये केंद्रीय यंत्रणांना कळवतात. त्याच दिवशी शिजियाझुआंग शहर हेबेई प्रांताला कळवते. पत्र शहर प्रशासनाच्या हाती येऊन ३८ दिवस झाले आहेत.

१० सप्टेंबर, बुधवार

हेबेई प्रांत केंद्र सरकारला कळवतो.

११ सप्टेंबर, गुरुवार, सकाळ

शांघायच्या ‘ओरिएंटल मॉर्निंग पोस्ट’मध्ये जियान ग्वांगझोउ या बातमीदाराची बातमी छापून येते: गान्सूमध्ये १४ बाळांना किडनीचा आजार, संशय सानलूच्या पावडरीवर. त्याने नाव छापले आहे.

कंपनी सकाळी उत्तर देते: बाळांचा आजार आमच्या पावडरीमुळे झाल्याचा पुरावा नाही. १६ पैकी १५ नमुन्यांचा अहवाल तिच्याकडे ४१ दिवस आहे.

११ सप्टेंबर, रात्र

आरोग्य मंत्रालय सानलूच्या पावडरीत मेलामाइन असल्याचा दाट संशय जाहीर करते आणि ती पाजू नका असे सांगते. त्याच रात्री कंपनी ६ ऑगस्टपूर्वी तयार झालेली पावडर परत मागवते. बाजारात असा सुमारे ७०० टन माल असल्याचे ती सांगते.

पहिले घड्याळ शून्यावर आले.

१३ सप्टेंबर, शनिवार

केंद्र सरकार अन्नसुरक्षा दुर्घटनांसाठीची सर्वोच्च, पहिल्या पातळीची आपत्कालीन व्यवस्था लागू करते. आजारी बाळांवर मोफत उपचार जाहीर होतात. शोध लागलेली बाळे: ४३२.

दुसरे घड्याळ: दिवस ४२, १३ सप्टेंबर

सहा आठवडे. प्रयोगांतल्या प्राण्यांत या टप्प्यावर अडथळा काढूनही जवळजवळ काहीच परत आले नव्हते.

१५ ते २१ सप्टेंबर

रुग्णालयांबाहेर बाळांना घेऊन रांगा लागतात. सोनोग्राफी यंत्रे दिवसरात्र चालू आहेत. १५ तारखेला आकडा १,२५३. १७ तारखेला ६,२४४. २१ तारखेला बाह्यरुग्ण विभागात उपचार घेतलेली बाळे ३९,९६५, दाखल झालेली १२,८९२, त्यांत १०४ गंभीर.

बाळे एका आठवड्यात आजारी पडली नव्हती. आठवड्याभरात ती सापडली. कशासाठी तपासायचे हे कळल्यावर सोनोग्राफीला काही मिनिटे पुरतात.

१६ तारखेला देशभरच्या तपासणीचा निकाल लागतो. १०९ कंपन्यांचे ४९१ गट तपासले. २२ कंपन्यांच्या ६९ गटांत मेलामाइन. सर्वांत जास्त सानलूच्या नमुन्यात: किलोला २,५६३ मिलिग्रॅम. १८ तारखेला तपासणीतून सूट देण्याची पद्धत रद्द होते. २२ तारखेला गुणवत्ता तपासणी खात्याचे प्रमुख ली चांगजियांग राजीनामा देतात.

त्यानंतर

भारताने सप्टेंबर २००८ च्या अखेरीस चिनी दूध आणि दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली आणि पुढे ती वारंवार वाढवली.

डिसेंबर २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेलामाइनची सहन होऊ शकणारी दैनिक मर्यादा ठरवली: वजनाच्या दर किलोला ०.२ मिलिग्रॅम. सानलूची पावडर पिणारी बाळे दिवसाला दर किलोला ८.६ ते २३.४ मिलिग्रॅम घेत होती, असा अंदाज आहे. म्हणजे मर्यादेच्या ४० ते १२० पट.

२२ जानेवारी २००९ रोजी तियान वेनहुआ यांना जन्मठेप झाली. भुकटी बनवणारा एक आणि ती दुधात घालून विकणारा एक, अशा दोघांना २४ नोव्हेंबर २००९ रोजी मृत्युदंड देण्यात आला. सानलू दिवाळखोरीत निघाली. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अन्न मानक आयोगाने बाळपावडरीत किलोला १ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली.

निष्कर्ष

भेसळ करणारे गुन्हेगार होते. त्यांनी दुधात विष घातले आणि न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. पण १ ऑगस्टनंतर विकल्या गेलेल्या ८१३ टनांची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. ती अहवाल वाचून तो टेबलावर ठेवणाऱ्यांची आहे, कंपनीतल्या आणि कचेरीतल्या, दोघांचीही.

या आजाराचे वैद्यकीय सत्य साधे आहे. बहुतेक बाळे शस्त्रक्रियेविना बरी झाली. पावडर बंद, भरपूर द्रव, लघवीची आम्लता उतरवणारे औषध, आणि खडे आपोआप वाहून गेले. जी गंभीर झाली त्यांतलीही बरीच नळीने आणि डायलिसिसने वाचली. उपाय सगळीकडे होता, स्वस्त होता, वेळेवर केला तर पुरेसा होता. अडवली गेली होती ती माहिती.

म्हणून अन्नाच्या बाबतीत नियम एकच असावा. संशय आला त्याच दिवशी माल दुकानातून उतरवायचा आणि त्याच दिवशी नावासकट जाहीर करायचे. पुरावा नंतर जमवता येतो. चुकून उतरवलेल्या मालाची भरपाई पैशात होते. सहा आठवडे बंद राहिलेल्या किडनीची होत नाही.

आणि घरच्यांसाठी: वरच्या दुधावरच्या बाळाने सहा-आठ तास लघवी केली नाही, लघवी करताना ते कळवळून रडू लागले, लंगोटावर रक्त किंवा कण दिसले, चेहरा सुजला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी डॉक्टरांकडे जा. बाळ काय पिते हे त्यांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा, आणि जाताना पावडरीचा डबा बरोबर न्या.